तांदळात लिहिलेलं नाव

माझ्या बोटाला शाई लागायची होती, ती लागली नाही. एवढ्याशा गोष्टीचा राग माणसानं किती वर्षं धरावा? माझी मुलं हसतात. "आई, त्यानंतर इतक्या निवडणुका झाल्या, सगळ्यांत तू मत दिलंस की," म्हणतात. दिलं, नाही कोण म्हणतंय. पण ते या घरातल्या नावानं दिलं. लग्नाआधी जे नाव माझं होतं, त्या नावानं मला एकदा, फक्त एकदाच, मत द्यायचं होतं. आणि मत कसं द्यायचं हे ज्यानं मला शिकवलं, त्यानंच ते देऊ दिलं नाही. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. माझंही लिहिणार नाही.

आम्ही तेव्हा चिंचवडला राहत होतो. वडील मूळचे नगर जिल्ह्यातले. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहिला आणि त्यांना तिथं स्टोअरमध्ये नोकरी मिळाली, म्हणून आम्ही गाव सोडून इकडे आलो आणि नदीजवळच्या आळीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. चिंचवडातले लोक आम्हाला बरीच वर्षं 'कंपनीवाले' म्हणत. मी पुण्याला कॉलेजात जायचे. सकाळच्या गाडीला चिंचवड, आकुर्डी, निगडीची पोरं असायची. कुणी चालत स्टेशन गाठायचं, कुणी चहाच्या दुकानामागे सायकल टाकून धावत यायचं. मुली आम्ही अगदी थोड्या. बायकांच्या डब्यात बसायचो आणि शेजारच्या डब्यातला आरडाओरडा ऐकायचो.

त्यातला सगळ्यात मोठा आवाज पुढाऱ्याचा. चिंचवडच्या जुन्या शेतकरी घरातला मुलगा, आमच्याच वर्गात, वयानं आमच्यापेक्षा थोडा मोठा. सगळे त्याला पुढारीच म्हणत आणि त्याला ते आवडायचं. बाकावर उभा राहिला की तो अगदी पुणेरी शुद्ध बोलायचा. चिडला किंवा घाबरला की मात्र चिंचवडचं 'न्हाई' आणि 'व्हय' तोंडात परत यायचं. मला तो ताई म्हणायचा. एका गावात राहणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार?

देशातली दुसरी निवडणूक वर्षावर आली होती आणि याद्यांचं काम सुरू झालं होतं. पुढाऱ्याच्या डोक्यात आलं की कॉलेजात जाणारी एवढी पोरं गावोगाव आहेत, त्यातल्या किती जणांची नावं यादीत आहेत? विचारून पाहिलं तर जवळजवळ कुणाचंच नव्हतं. वडिलांचं असायचं, थोरल्या भावाचं असायचं. "मत हे म्हाताऱ्यांचं काम आहे राव, आपण काय करायचंय," असं बी.ए.च्या वर्गात बसणारी पोरं बिनदिक्कत म्हणायची. मग आम्ही सात-आठ जणांनी ते काम अंगावर घेतलं. एकवीस पूर्ण झालेली पोरंपोरी शोधायची, त्यांना चावडीवर तलाठ्याकडे न्यायचं आणि नाव लागल्याशिवाय परत यायचं नाही.

पहिलीच पंचाईत वयाची. आमच्याबरोबरची निम्मी पोरं जूनच्या एक तारखेला जन्मलेली. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ज्याच्या त्याच्या उंचीकडे बघून साल टाकलेलं. मिशा फुटून जुन्या झालेल्या असा एक जण कागदावर अठरा वर्षांचा निघाला आणि तो स्वतःच इतका चकित झाला की आम्ही हसून हसून बेजार झालो. चाकणच्या बाजाराच्या दिवशी आम्ही मुद्दाम चाकणला जायचो. पुण्यात वसतिगृहात पँट घालून हिंडणारी पोरं तिथं वडिलांबरोबर कांद्याच्या पोत्यांवर धोतर नेसून बसलेली असत. आम्हा मुलींना पाहिलं की गाडीआड लपत. पुढारी त्यांच्या दंडाला धरून बाहेर काढायचा. "कांदा विकायला लाज वाटत नाही, मग यादीत नाव लावायला का वाटते?" असं तो भर बाजारात ओरडायचा, आणि म्हातारे शेतकरीही मान डोलवायचे. त्या दिवसांत मला तो फार मोठा माणूस वाटायचा. आज कितीही राग आला तरी हे मी खोडून टाकणार नाही.

मुलींचं काम अवघड होतं. शिकणाऱ्या मुली थोड्या, त्यात एकवीसच्या वरच्या आणखी थोड्या, आणि त्या सगळ्यांचं लग्न ठरलेलं किंवा ठरायला आलेलं. दारात उभं राहिलं की आई बाहेर यायची आणि एकच उत्तर द्यायची. "तिचं नाव हितं कशाला? आज ना उद्या जायाची ती. नाव तिकडं लागंल." चिंचवडला हेच, आकुर्डीला हेच, निगडीला हेच. जणू मुलगी म्हणजे स्टेशनवर ठेवलेली ट्रंक, जिथं उतरायची तिथंच तिच्यावर नाव घालायचं.

आमच्या घरी तरी वेगळं काय होतं? वडील शिकलेले, रोज वर्तमानपत्र वाचणारे. पण मी माझं नाव लावते म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुझ्यासाठी स्थळं बघतोय मी. सासरी गेलीस की तिकडे नोंदव," म्हणाले. मी रडले, जेवले नाही, काही उपयोग झाला नाही. शेवटी रविवारी पुढारी स्वतः घरी आला. आईनं दिलेला चहा बाजूला ठेवून तो वडिलांसमोर सतरंजीवर बसला आणि तासभर बोलत राहिला. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. "काका, ताई कुठंही गेली तरी तिचं नाव तिचंच आहे, ते कुणाच्या घरचं नाही."  दुसऱ्या दिवशी वडील माझ्याबरोबर चावडीवर आले. तलाठ्यानं माझं नाव लिहिलं, पुढे वडिलांचं, पुढे आडनाव. मी ते वाकून वाचलं आणि परत येताना रस्त्यात उगाचच हसत होते.

याद्या झाल्यावर मत कसं द्यायचं ते शिकवायचं काम आम्ही घेतलं. तेव्हा पुढे आला तसा शिक्का नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चित्र. पडद्याआड जायचं आणि हव्या त्या पेटीत चिठ्ठी टाकायची. शाळेच्या ओसरीवर आम्ही रॉकेलच्या डब्यांना फटी पाडून पेट्या केल्या, त्यांवर चूल, मडकं, पाटी अशी चित्रं चिकटवली आणि एका जुन्या लुगड्याचा पडदा केला. पोरापोरींना एकेक करून आत सोडायचो. पुढारी पडद्याबाहेर उभा राहून सांगायचा, "आत तुम्ही एकटे. नवरा नाही, सासरा नाही, पुढारी नाही. आणि कुणाला दिलं ते कुणालाही सांगायचं नाही. आधीही नाही, नंतरही नाही."

मग परीक्षा. बाहेर आलेल्याला तो गोड बोलून विचारायचा, "काय हो, चुलीला दिलं ना?" जो 'हो' किंवा 'नाही' म्हणेल तो नापास. पोरी भाबड्या, पटकन सांगून टाकायच्या. तो दुसरं सोंग घ्यायचा, सासऱ्याचा आवाज काढायचा, "सूनबाई, पेटी आपलीच बघितली ना गं?" पोरी लाजून मान हलवायच्या की झाल्या नापास. मला त्यानं नाना प्रकारे विचारलं. मी तोंड उघडलं नाही. सगळ्यांसमोर त्यानं मला पहिला नंबर दिला.

त्या हिवाळ्यात माझं लग्न झालं. स्थळ पुनावळ्याचं, घरचा मोठा बारदाना, मुलगा माझे वडील होते त्याच कारखान्यात नोकरीला. सासऱ्यांच्या शब्दाला पुनावळे, ताथवडे, वाकडपर्यंत वजन. वडिलांना आभाळ ठेंगणं झालं. मांडव आमच्या आळीत पडला होता आणि कॉलेजातली सगळी पोरं वाढायला उभी होती. पुढारी जिलब्यांची परात घेऊन पंगतीतून फिरत होता.

नाव ठेवण्याचा विधी सासरी गेल्यावर करतात. पण आमची वरात नदीपलीकडे जायची होती आणि उशीर झाला होता, म्हणून तो मांडवातच उरकला. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याच्या हातात सोन्याची अंगठी दिली. त्यानं तांदळात एक नाव लिहिलं. सासऱ्यांच्या आईचं होतं म्हणे. कुणी मला विचारलं नव्हतं आणि कुणी विचारतही नाही. माझ्या वेळेपर्यंत शेकडो मुलींची नावं अशीच गेली होती, मी स्वतः कितीतरी लग्नांत ते ताट पाहून टाळ्या वाजवल्या होत्या. त्या दिवशी मात्र ताट माझ्यापुढे आलं आणि ती अनोळखी अक्षरं मी दोनदा वाचली. नाव वाचून दाखवलं, पेढे वाटले. पुढाऱ्यानं ताटावर वाकून नाव वाचलं, "छान आहे हो," म्हणाला आणि दोन पेढे घेतले.

सासरी माणसं वाईट नव्हती, हेही लिहायला हवं. पण जुन्या नावानं हाक मारायला तिथं कुणीच नव्हतं. नव्या नावानं हाक आली की मी ओ द्यायचेच नाही. मुद्दाम नव्हे, ते नाव माझं आहे हे कळायलाच वेळ लागायचा. "बहिरी आणली की काय," म्हणून जाऊ हसायची. त्या वेळी मला एकाच गोष्टीचा आधार होता. याद्या लग्नाआधीच पक्क्या झाल्या होत्या, पुनावळ्याच्या यादीत मी नव्हते, पण चिंचवडच्या यादीत माझं जुनं नाव होतं. तिथं जाऊन ते एकदा मोठ्यानं ऐकायचं, बोटाला शाई लावून घ्यायची, आणि मग खुशाल हवी ती हाक मारा. असं मी मनाशी ठरवलं होतं.

मतदान जवळ आलं तसं मी नवऱ्याला सांगितलं. तो भला माणूस. कामावर जाताना मोटारसायकलवरून चिंचवडला सोडतो म्हणाला. सासऱ्यांना विचारायला मात्र मलाच जावं लागलं. ते अंगणात पान लावत बसले होते. सासरे एका बाजूचे खंदे होते आणि सगळ्या पंचक्रोशीला ते माहीत होतं.

"व्हय, जा की," ते म्हणाले. "मत वाया कशाला घालवायचं? तिकडं गेलीस तरी पेटी आपलीच बघ मंजी झालं."

मी मान खाली घालून उभी राहिले. 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही' म्हणायची हिंमत नव्हती. ओसरीवरच्या परीक्षेत याचेही मार्क मिळाले असते. मला मत द्यायचं होतं दुसऱ्या बाजूला. कॉलेजात दोन वर्षं जे ऐकलं, वाचलं, ज्यावरून भांडले, त्यातून ते ठरलं होतं. पुढारीही त्याच बाजूला काम करत होता, पण म्हणून नव्हे. मला पटलं होतं म्हणून.

मतदानाच्या दिवशी आईनं माझ्या केसांत शेवंतीचा गजरा माळला. शाळेसमोर बायकांची रांग होती, सणाला निघाल्यासारख्या नटून आलेल्या. काही जणी पेटीला वाहायला हळदकुंकू घेऊन आल्या होत्या. ओसरी तीच, जिथं आम्ही रॉकेलचे डबे मांडले होते. आत टेबलामागे केंद्राचे अधिकारी, कुठल्याशा शाळेतले मास्तर असावेत, गळाबंद कोट आणि जाड चष्मा. त्यांच्या बाजूला बाकावर दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी यादी उघडून बसले होते. एका बाजूचे गावातले किराणा दुकानदार. दुसऱ्या बाजूचा आमचा पुढारी, डोक्यावर नवी टोपी.

त्याला पाहून मला धीर आला. आता काही अडायचं नाही असं वाटलं.

मी यादीतल्या नंबराची चिठ्ठी पुढे केली. कारकुनानं माझं नाव मोठ्यानं वाचलं. कित्येक दिवसांनी ते तसं पूर्ण, वडिलांच्या नावासकट ऐकलं आणि मी लगेच ओ दिली. अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा, नाव मात्र बापाचं.

"लग्न झालंय का बाई?"

"हो. याद्या झाल्यावर झालं."

त्यांनी बाकाकडे वळून विचारलं, "ह्या त्याच का? कुणाची हरकत?"

दुकानदार माझ्याकडे बघून हसला. "त्याच की. आमच्या डोळ्यादेखत वाढलेली पोरगी. आमची काय बी हरकत न्हाई," म्हणाला. तो सासऱ्यांच्या बाजूचा होता.

पुढाऱ्यानं दुकानदाराच्या हसण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि उभा राहिला.

"माझी हरकत आहे," तो म्हणाला. अगदी शुद्ध. "साहेब, ह्या वहिनी आता पुनावळ्याला राहतात. तिथल्या मोठ्या घरच्या सूनबाई आहेत. यादीतलं हे नाव आता त्यांचं नाही."

वहिनी! माहेरच्या गावचा माणूस लेकीला वहिनी म्हणत नाही. रांगेतल्या दोन बायकांनी माना वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"नाव माझंच आहे," मी म्हटलं. "ह्यांनीच ते लावायला लावलं. विचारा त्यांना."

"तेव्हाचं तेव्हा. मी ह्यांच्या लग्नाला होतो, साहेब. यजमानांनी ताटात नवीन नाव लिहिलं, ते मी वाचलं. त्या नावाचा पेढा खाल्लाय मी. ह्या नावाचं आता चिंचवडात कुणी राहिलेलं न्हाई."

'न्हाई' त्याच्या तोंडून निसटलं आणि मला कळलं की तोही घाबरला आहे. पण बसला नाही.

अधिकारी वाईट नव्हते. त्यांनी मला समजुतीनं विचारलं, "बाई, तुम्हीच सांगा. आज तुम्ही कुठं राहता? आज तुमचं नाव काय?"

मी खोटं बोलायला हवं होतं असं आई मरेपर्यंत म्हणायची. चार पावलांवर पडदा होता, त्यामागे पेट्या होत्या, एक खोटं बोलले असते तर आत गेले असते. पण ज्या नावासाठी आले होते, त्याच नावानं खोटं बोलायचं? मी पडद्याकडे बघत राहिले. रांग खोळंबली होती. मागून कुणीतरी "सरका की बाई" म्हणालं. अधिकाऱ्यांनी हरकत मान्य केली, माझ्या चिठ्ठीवर रेघ मारली आणि म्हणाले, "सासरच्या यादीत नाव लावून घ्या. पुढच्या खेपेला या नव्या नावानं." जणू मी चुकीच्या गाडीत बसले होते आणि पुढची मिळणार होती. बाटलीतली शाई माझ्या बोटापासून वीतभर लांब होती.

बाहेर चिंचेखाली मी उभी राहिले. रडू नये म्हणून शेंगांची टरफलं पायानं चुरडत होते. थोड्या वेळानं पुढारी चहाचा कप घेऊन बाहेर आला. मी तिथं असेन असं त्याला वाटलं नसावं. मग जवळ आला.

"राग मानू नका वहिनी. यात वैयक्तिक काही नाही. नियमाला धरून केलं मी."

"नियम दुकानदाराला माहीत नव्हता?"

तो हसला. "त्याला कशाला आठवेल? त्याचंच मत होतं ते. तुमच्या सासऱ्यांचं एक मत कमी केलं, एवढंच काम झालं. आज एकेक मत मोजायचा दिवस आहे."

"ते सासऱ्यांचं नव्हतं. माझं होतं."

"अहो, तुमचं काय आणि त्यांचं काय! कुणाची पेटी बघून यायला सांगितलं असेल ते मला कळत नाही होय? पुनावळ्याहून मोटारसायकलवर सोडतात सूनबाईला, ते काय आमच्या पेटीत टाकायला?"

चाकणच्या बाजारात हाच माणूस धोतरातल्या पोरांना हाताला धरून उभं करत होता. माझ्या बापासमोर सतरंजीवर बसून तासभर बोलला होता. आणि आता सासरे अंगणात पान लावता लावता जे बोलले, तेच हा चिंचेखाली उभा राहून बोलत होता. दोघांनी माझं मत कुठल्या पेटीत पडणार ते ठरवून टाकलं होतं. सासऱ्यांनी निदान शिकल्याचा आव आणला नव्हता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्याच पेटीत टाकणार होते."

कप त्याच्या ओठांशी थांबला. मी खोटं बोलत नाही हे त्याला ठाऊक होतं. इतका वेळ टोपीखाली ताठ राहिलेला चेहरा एकदम पडला. मला वाटलं आता हा माफी मागेल. एखादा शब्द तरी बोलेल, त्या नावाबद्दल, ओसरीबद्दल. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि खरोखर कळवळून म्हणाला,

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय, ताई?"

मी पुन्हा ताई झाले होते.  आधी सांगणारीला तो नापास करायचा, आणि त्या परीक्षेत त्यानंच मला पहिला नंबर दिला होता.